दोन ग्रॅम फुलं

आमच्या घरात कुठलीही वस्तू आली की ती काय आहे यापेक्षा ती किती भरते हे आधी सांगितलं जायचं. बाबा स्टील प्लांटच्या वजनकाट्यावर क्लार्क होते. दिवसभर त्यांच्या खिडकीसमोर ट्रक उभे राहायचे. माल न्यायला आलेला ट्रक आधी रिकामा तोलायचा आणि मग भरलेला, माल घेऊन आलेला आधी भरलेला आणि मग रिकामा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे माल. तो पर्चीवर लिहून, ड्रायव्हरची सही घेऊन, बाबा एकच शब्द बोलायचे, "पास." तो शब्द कानावर पडल्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नसे. घरी आल्यावरही ही सवय सुटायची नाही. भोपळा हातात घेऊन "सव्वा किलो, वर थोडा" म्हणायचे, आणि आई तो तिच्या मसाल्याच्या डिजिटल काट्यावर ठेवून त्यांना खोटं पाडायला बघायची. तिला ते कधी जमल्याचं मला आठवत नाही. मी मात्र कितीही चांगला निकाल आणला तरी बाबा तो कागद तळहातावर तोलायचे आणि परत द्यायचे. पास म्हणणं शाळेचं काम आहे, म्हणायचे. त्या एका शब्दासाठी मी किती आसुसले होते ते आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा ते हसण्यासारखं अजिबात नव्हतं.

दुर्गजवळच्या स्मृति नगरातल्या त्या घरात मला वेगळी खोली नव्हती. मागच्या व्हरांड्यात आईच्या शिलाई मशीनशेजारी एक टेबल होतं, ते माझं. सकाळी प्लांटचा भोंगा झाला की बाबांची स्कूटर निघायची, आईची फोडणी पडायची आणि शाळेआधीचा पाऊण तास मी सोल्डरिंग आयर्न घेऊन बसायचे. मोहरीच्या फोडणीचा आणि वितळत्या सोल्डरचा वास एकत्र आला की मला अजूनही भूक लागते. रविवारी तांदळाचे धिरड्यांसारखे चिले व्हायचे, शेजारच्या साहू काकूंकडून शिकलेले, आणि त्यांच्याबरोबर टमाटरची ठेचलेली चटणी. आई मूळची भंडाऱ्याची. ती आमच्याशी वऱ्हाडी-नागपुरी मराठीत, भाजीवाल्याशी हिंदीत आणि साहू काकूंशी छत्तीसगढीत बोलायची, आणि तिन्ही भाषांत माझ्या टेबलावरच्या पसाऱ्याची तक्रार करायची.

ड्रोनच्या आधी मला रॉकेटचं वेड होतं. दिवाळीच्या अनारातली दारू काढून पुठ्ठ्याच्या नळीत ठासायचा बेत मी वहीत आखला होता, मापांसकट. बाबांनी वही पाहिली आणि होती तिथे ठेवली. दुसऱ्या दिवशी स्फोटकांच्या कायद्याचे छापलेले कागद घेऊन आले आणि जेवता जेवता वाचून दाखवले. घरात दारू ठासून काही बनवायला बंदी होती, परवाना लागत होता, आणि तो अकरावीतल्या मुलीला कोणी देणार नव्हतं. माझं रॉकेट वरणभाताबरोबर संपलं. पण एक गोष्ट लक्षात राहिली. बाबा नाही म्हणाले नव्हते. त्यांनी फक्त वाचून दाखवलं होतं. आमच्या विहारात दर रविवारी संविधानाचं एक पान वाचायची पद्धत होती आणि बाबा तिथे वाचक होते. कुठलाही कायदा ते त्याच आवाजात वाचायचे.

मग आला तो एप्रिल. त्याच्या आदल्या वर्षी पलीकडच्या वस्तीतल्या जयंती समितीनं रायपूरहून भाड्यानं ड्रोन आणून पुतळ्यावर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या होत्या. आमची सगळी वस्ती मान वर करून ते बघत राहिली, आणि आमच्या समितीच्या मनाला ते फार लागलं. समितीचे अध्यक्ष गजभिये काका होते, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, आवाज अजून प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. त्यांनी बैठकीत हा विषय काढला आणि मी विचार न करता उभी राहून म्हटलं, भाड्याचा कशाला, मी बनवते. काकांनी ते त्याच दिवशी माइकवरून जाहीर करून टाकलं. मेश्राम बाबूंची सुजाता यंदा स्वतःच्या हातानं बनवलेल्या ड्रोनमधून फुलं वाहणार. आता माघार घ्यायची सोय उरली नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती नकोच होती. त्या रात्री आनंदानं मला झोप लागली नाही.

बाबांनी नियम आणले. त्या वेळच्या नियमांप्रमाणे ड्रोन उडवायचा परवाना अठरा वर्षांखाली मिळत नव्हता आणि मी सोळाची होते. पण दोनशे पन्नास ग्रॅमपर्यंतचा छोटा ड्रोन नुसत्या हौसेसाठी उडवायला परवाना लागत नव्हता. एवढीच एक फट होती आणि मला त्या फटीतून जायचं होतं. चार मोटारी, चार पंखे, कार्बनच्या पट्ट्यांची चौकट, एक छोटी सर्किटची पाटी, आणि सगळ्यावर आमच्या झेंड्याचा निळा रंग, दोन हात. वर पांढऱ्या अक्षरात माझं नाव. तयार झाला तेव्हा बाबांनी तो आईच्या काट्यावर ठेवला. एकशे शहाण्णव. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पास." मी व्हरांड्यातून थेट साहू काकूंच्या अंगणात जाऊन नाचले. काकूंना काही कळलं नाही, पण त्यांनी मला गोड खुरमी खायला दिली.

उडवायला शिकले ते बोरसीला. तिथे माझा मामा राहायचा आणि त्याच्या घरामागे मोठं मोकळं मैदान होतं. रविवारी बाबा स्कूटरवरून न्यायचे. पहिल्या दिवशी ड्रोन बाभळीत गेला, दुसऱ्या दिवशी मामाच्या वाळत घातलेल्या पापडांवर उतरला, तिसऱ्या दिवशी मी म्हणेन तिथे थांबायला लागला. तो हवेत एका जागी गुणगुणत थांबला की मला जे काही व्हायचं ते पुढे कुठल्याच गोष्टीनं झालं नाही, लग्नानंही नाही. मैदानात उडवता येईल का ते पाहायला मी मोबाइलवर सरकारी नकाशा उघडला होता. हिरव्या भागात मोकळीक, पिवळ्यात विचारून, लाल भागात दिल्लीच्या परवानगीशिवाय पंखाही फिरवायचा नाही. बोरसी हिरवी होती. मग सहज नकाशा सरकवला. प्लांटच्या भोवती लाल पसरला होता. आमचं घर त्यात होतं. विहारही होता, आणि विहाराच्या अंगणातला पुतळाही. मी मोबाइल बंद केला आणि कोणाला सांगितलं नाही. जयंतीला एक महिना होता. बाबा नकाशापर्यंत पोचणार नाहीत, अशी आशा करत मी तो महिना काढला.

जयंतीच्या चार दिवस आधी विहारात समितीची शेवटची बैठक झाली. सतरंजीवर एकीकडे पुरुष, एकीकडे बायका, आणि बायकांमध्ये आई खिरीच्या भांड्यांची यादी करत बसलेली. सगळ्यांच्या माहितीसाठी म्हणून बाबा नियम वाचायला उभे राहिले. आधी त्यांनी वजनाचा तक्ता वाचला होता, व्याख्यांचं पान वाचलं नव्हतं, कारण वजन म्हणजे काय हे ज्यानं वीस वर्षं काट्यावर काढली त्याला कोणी शिकवायचं. त्या दिवशी ते पान त्यांनी पहिल्यांदा वाचलं. वजन म्हणजे उडताना यंत्रावर असलेलं सगळं, बॅटरीसकट, सामानासकट. बाबांचा आवाज मध्येच थांबला. मीही त्याच क्षणी समजले. आमच्या घरात गाडीचं वजन म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. बॅटरी बाबांनी माल समजून बाजूला काढून ठेवली होती, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सासष्ट ग्रॅमची बॅटरी, आठ ग्रॅमची फुलांची डबी. दोनशे सत्तर. वीस ग्रॅम जास्त, तेही फुलं न धरता.

बाबांनी कागदाची घडी घातली. "मी गाडी रिकामी तोलली," ते म्हणाले. "चूक माझी आहे, पोरीची नाही. मी पास म्हटलं होतं, ते परत घेतो." ज्या माणसाच्या काट्याची सगळी वस्ती शपथ घ्यायची, तो चाळीस माणसांसमोर हे बोलत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

गजभिये काकांनी हात झटकला. "वीस ग्रॅम म्हणजे किती, मेश्राम? तिथं काटा घेऊन कोण येऊन राहिलं?"

"मी येऊन राहिलो ना," बाबा म्हणाले.

लोक हसले. बाबा हसले नाहीत. मला वाटलं, आता मी गप्प बसले तर आयुष्यभर या माणसाच्या समोर बसून जेवता येणार नाही. मी उभी राहिले. "काका, वजन कमी होईल," मी म्हटलं. "पण इथं उडवताच येत नाही. नकाशात विहार लालमध्ये आहे. मले महिन्यापासून माहीत आहे." हे सांगताना मी काकांकडे बघत होते, कारण बाबांकडे बघण्याची हिंमत नव्हती.

मग बायकांच्या बाजूनं आईचा आवाज आला, अगदी भाजीचा भाव विचारावा तसा. "पुतळा हलत नाही, पण मिरवणुकीतली झांकी तर फिरते ना? दरवर्षी बोरसीच्या मैदानात मठ्ठ्यासाठी थांबतेच. तिथं हिरवं आहे म्हणता. मग फुलं झांकीवर वाहा." त्या वर्षी आमच्या ट्रकवरची झांकी म्हणजे प्लायवूडचं उघडं संविधान होतं, पुरुषभर उंच, दोन्ही पानांवर सुंदर अक्षरात उद्देशिका लिहिलेली. गजभिये काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, पुतळ्याऐवजी पुस्तकावर पडली फुलं तर ते लिहिणाऱ्यांनाही आवडलं असतं. ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला.

पण माझा ठराव बाकी होता. घरी हातपाय धुऊन झाल्यावर बाबा व्हरांड्यात आले आणि माझ्या टेबलापाशी उभे राहिले. "गाडीत माल जास्त झाला तर उतरवता येते," ते म्हणाले. "लपवला तर ड्रायव्हर बदलावा लागते." मी विचारलं, मग बदलणार का. ते म्हणाले, "आधी वजन कमी करून दाखव." मी रडले नाही. मी टेबलावरचा दिवा लावला.

ते चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे दिवस होते, भीती पोटात घेऊनसुद्धा. अख्खं घर ग्रॅमच्या मागे लागलं. लोखंडी स्क्रू काढून नायलॉनचे लावले, सहा ग्रॅम गेले. जिथे तिथे लांब सोडलेल्या वायरी कापून पुन्हा जोडल्या, दोन गेले. प्लॅस्टिकचे पाय काढून आईनं खराट्याच्या काड्या निवडून दिल्या, सरळ आणि वाळलेल्या, तीन गेले. वरचं झाकण कशाला हवं, आई म्हणाली, पाऊस थोडाच आहे, आणि आणखी एक गेला. फुलांच्या डबीच्या जागी तिनं बटर पेपरचा कोन शिवून दिला, फुटाणे देतात तसा, आडवा टांगलेला. ड्रोनला एका अंगाला झटका दिला की त्यातलं सगळं खाली सांडायचं. सहा ग्रॅम त्यात गेले. तरी दोनशे बावन्न. काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी काट्याकडे बघत बसले होते आणि आई माझ्या मागे येऊन म्हणाली, "रंगाचं काही वजन नसते का?"

मी त्या निळ्याचे दोन हात कौतुकानं दिले होते. सुरीच्या टोकानं तो खरवडताना सगळ्यात शेवटी माझं नाव आलं, आणि मी ते सगळ्यात आधी काढलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं, म्हणजे इतका वेळ त्याच्याकडे बघावं लागलं नसतं. टेबलावर निळ्या भुकटीचा छोटा ढीग जमला. तो काट्यावर ठेवला तर पाच ग्रॅम भरला. ड्रोन काळा, ओबडधोबड, खराट्याच्या पायांवर उभा. दोनशे सत्तेचाळीस. मी बाबांना हाक मारली. त्यांनी आकडा पाहिला, मान हलवली, पण पास म्हणाले नाहीत. फक्त एवढं सांगितलं की तीन ग्रॅम फुलं बसतात, पण काट्याचीही चूक असते, तिच्यासाठी एक ग्रॅम सोडायचा. म्हणजे दोन.

जयंतीच्या आदल्या दिवशी ते मला घेऊन बोरसीच्या बाजूच्या ठाण्यात गेले. नियमात तशी सक्ती नव्हती, पण मैदानात गर्दी होणार होती. तिथल्या साहेबांनी आमचा अर्ज दोनदा वाचला, खराट्याच्या पायांचा ड्रोन हातात घेऊन फिरवून पाहिला आणि हवालदाराला म्हणाले, "लोग उड़ाने के बाद पकड़े जाते हैं, ये पहले बताने आए हैं।" मग आम्हाला चहा दिला. ड्रोन लोकांच्या डोक्यावरून न्यायचा नाही आणि ट्रकभोवती दोरी बांधायची, एवढंच त्यांनी सांगितलं. बाबांच्या अर्जात ते आधीच लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झांकी मैदानात आली तेव्हा ऊन चढलं होतं. मामाच्या घरासमोर मठ्ठ्याचे ड्रम होते, निळे फेटे, ढोल-ताशे, लहान मुलं, आणि त्या सगळ्यांच्या मधे ट्रकवरचं ते उघडं पुस्तक. लोकांना दोरीमागे उभं करायला गजभिये काकांचा आवाज पुरला. बाबांनी ट्रकच्या मागच्या फळीवर काटा ठेवला, आणि वारा लागू नये म्हणून आईनं परात आडवी धरली. रिमोट बाबांकडे होता, सकाळपासून. मी तो मागितला नव्हता. झेंडूच्या पाकळ्या ते दोन बोटांनी कोनात टाकत होते. आकडा दोनशे एकोणपन्नासवरून पन्नासवर गेला, तशा त्यांनी दोन पाकळ्या परत उचलल्या आणि पानदान बंद करावं तसा हळूच कोन दाबला. खिशातून पर्चीचं पुस्तक काढलं, भरलेलं वजन लिहिलं. मग रिमोट माझ्या हातात ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला ते पुसायला हात मोकळे नव्हते.

ड्रोन उठला. ताशे थांबले, मला वाटतं काकांनी थांबवले, आणि त्या शांततेत फक्त त्या चार पंख्यांची गुणगुण होती. मी त्याला वर नेलं, दोरीच्या आत ठेवत, पुस्तकाच्या बरोबर वर आणलं, थांबवलं. वारा डावीकडून होता, म्हणून जरा डावीकडे सरकवलं. मग झटका दिला. दोन ग्रॅम झेंडू हवेत सुटला. रायपूरच्या ड्रोननं टाकलेल्या गुलाबांपुढे ते काहीच नव्हतं. साठ-सत्तर पाकळ्या असतील. पण त्या सावकाश आल्या, फिरत फिरत, आणि एवढ्या थोड्या असल्यामुळे लोकांनी त्यातली एकेक पाकळी खाली येईपर्यंत पाहिली. काही उद्देशिकेच्या अक्षरांवर अडकल्या. एक म्हातारी बाई दोरीमागून हात जोडून उभी होती. मग ताशे एकदम सुरू झाले आणि कोणीतरी माझं नाव ओरडलं, आणि मी पळत सुटायच्या बेतात होते, पण ड्रोन अजून वर होता. त्याला मी खराट्याच्या पायांवर बाबांसमोर उतरवलं.

बाबांनी तो उचलून लगेच पुन्हा काट्यावर ठेवला. भोवती गर्दी जमली होती, कोणी माझी पाठ थोपटत होतं, कोणी मठ्ठ्याचा ग्लास हातात देत होतं, आणि ते तिथे वाकून आकडा स्थिर व्हायची वाट पाहत होते. दोनशे सत्तेचाळीस. त्यांनी लिहिलं. भरलेलं दोनशे एकोणपन्नास, रिकामं दोनशे सत्तेचाळीस. मालाच्या रकान्यात लिहिलं, फुलं, दोन ग्रॅम.

"पूर्ण माल पोचला," ते म्हणाले आणि पर्चीचं पुस्तक माझ्यापुढे धरलं. "ड्रायव्हरच्या जागी सही कर."

मी सही केली. दुसऱ्या हातात मठ्ठ्याचा ग्लास होता म्हणून ती वाकडी आली, आणि ती तशीच वाकडी आजही माझ्या कपाटात आहे. बाबांनी मूळ पर्ची फाडून मला दिली, नक्कल पुस्तकात ठेवली, पेनाला टोपण लावलं, आणि त्या सगळ्या गोंगाटात मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "पास."

मग त्यांनी काटा खाली घेतला, ट्रकची फळी लावली आणि ड्रायव्हरला हात केला. संविधान दुर्गच्या रस्त्याला लागलं.